मुख्य प्रवाह कोणाचा? ॲनिमे आणि पाश्चात्त्य प्रेक्षक

'मुख्य प्रवाह' हा शब्द मला कधीच निरुपद्रवी वाटलेला नाही. ज्या साहित्याला 'आता वेगळे कशाला राहता, मुख्य प्रवाहात या' असे निमंत्रण वर्षानुवर्षे मिळत आले, त्या साहित्याच्या वाचकाला तो तसा वाटणे शक्यही नाही. बोलावणारा कोण, तो कोणत्या अटीवर बोलावतो आणि आत गेल्यावर बसायला कोठे सांगतो, हे प्रश्न त्याच्या मनात आधी उभे राहतात. त्यामुळे ॲनिमेसारख्या, आपल्या चर्चेत सहसा न येणाऱ्या विषयावर लिहायला मी धजलो आहे.

निमित्त एका वादाचे. गेल्या वर्षी माझ्या काही विद्यार्थ्यांनी वसतिगृहात हायाओ मियाझाकी यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' दाखवला. ॲनिमे म्हणजे जपानमध्ये काढलेल्या चित्रांचे चित्रपट आणि मालिका. चित्रपट संपल्यावर दोन मुलांत जुंपली. एक म्हणत होता, अमेरिका-युरोपात ही कला अजून हौशी लोकांची समजली जाते, ती तेथे हॉलिवूडच्या चित्रपटासारखी सर्वांची झाली पाहिजे. दुसरा म्हणाला, सर्वांची झाली की ती कोणाचीच उरणार नाही. पुढची चित्रे अमेरिकन गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवूनच काढली जातील. शेवटी, "सर, तुम्ही सांगा," असे झाले. मी घाईने सांगून टाकले की प्रवाहात पडलेला दगड गुळगुळीत होतो, तेव्हा बाहेर राहिलेलेच बरे. मुलांनी मान डोलावली. मला मात्र हे उत्तर खटकत राहिले. ते अर्धे खरे होते, आणि शिक्षकाने अर्धे खरे सांगणे हा अपराधच आहे. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

पहिली गोष्ट अशी की ॲनिमे पश्चिमेच्या दारात आज उभे आहे, ही समजूतच चुकीची आहे. ते केव्हाचेच घरात शिरले आहे, फक्त त्याला नाव नव्हते. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका जानेवारी १९६३ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी ती अमेरिकेत इंग्रजीतून दिसू लागली. इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेली 'हायडी' १९७४ ची. आल्प्समधील अनाथ मुलीची ही कथा स्पेन, जर्मनी आणि इटलीतील लहान मुलांनी सत्तरच्या दशकात घरोघर पाहिली. कथा स्वित्झर्लंडची, डोंगर युरोपचे. चित्रे काढणारे हात जपानी होते हे त्यांतल्या कितीकांना ठाऊक होते? पण त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागे तेव्हा वस्तीतील ज्या एका घरात टीव्ही असे तेथे आम्ही दाटीवाटीने बसत असू. ती मूळची १९८९ ची जपानी मालिका होती हे मला कळायला पुढे पंधरा वर्षे लागली. हिंदी शीर्षकगीत तोंडपाठ होते. चित्रकाराचा देशही माहीत नव्हता.

जपानी अभ्यासक कोइचि इवाबुचि यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला नेमका शब्द दिला आहे. जपानने जगाला ज्या वस्तू यशस्वीपणे विकल्या त्यांना जपानचा 'सांस्कृतिक वास' येत नव्हता, असे ते म्हणतात. वास येऊ न देणे ही विक्रीची पूर्वअट! माणसाने आपल्या घराचा, भाषेचा, अन्नाचा वास पुसून सभ्य वस्तीत वावरावे, ही अट आपल्या परिचयाची आहे. ती वस्तूंनाही घातली जाते, एवढेच येथे नवे.

आता ही पुसापुशी प्रत्यक्षात कशी झाली ते पाहू. १९७२ ची 'गाच्चामान' ही मालिका १९७८ मध्ये अमेरिकेत 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' या नावाने आली. पृथ्वीवरचा संघर्ष परग्रहांवर नेण्यात आला, हिंसा कापण्यात आली आणि कापलेली जागा भरायला एक बडबड्या यंत्रमानव नव्याने चिकटवण्यात आला. मियाझाकी यांचा 'नाउसिका' हा १९८४ चा चित्रपट. विषारी जंगल, युद्धखोर राज्ये आणि किड्यांचेही जगणे समजून घेणारी एक मुलगी असा त्याचा विषय. १९८५ मध्ये 'वॉरियर्स ऑफ द विंड' म्हणून तो अमेरिकेत आला तेव्हा वीस मिनिटांहून अधिक भाग गळाला होता, नायिकेचे नाव बदलले होते आणि जाहिरातीच्या चित्रात जे पुरुष वीर मिरवत होते ते चित्रपटात मुळात नव्हतेच. एका मुलीच्या विचारावर उभा असलेला चित्रपट विकायला न असलेले पुरुष उभे करावे लागले! 'सेलर मून'मधील परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणी इंग्रजीत चुलत बहिणी झाल्या. 'पोकेमॉन'मधील मुले भाताचे गोळे खातात; इंग्रजीत त्यांना जेली भरलेले डोनट म्हटले गेले. पडद्यावर पांढरा भात स्पष्ट दिसत असताना आवाज सांगतो की हे डोनट आहे.

या शेवटच्या उदाहरणाला कोणी हसेल. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या डब्यात काय आहे हे दुसऱ्याला वेगळेच सांगावे लागणे म्हणजे काय, हे या वाचकांना समजावून द्यायला नको. तेथे निदान मुलांवर तसे सांगण्याची वेळ आली नव्हती. त्यांच्या तोंडी ते खोटे व्यापाऱ्याने घातले होते.

इथपर्यंतचा पुरावा माझ्या घाईच्या उत्तराच्या बाजूने जातो. मुख्य प्रवाह म्हणजे कात्री, तेव्हा दूर राहावे. परंतु दूर राहण्याचा अर्थही तपासला पाहिजे.

अमेरिकेत ॲनिमेचे जाणते प्रेक्षक जमू लागले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १९७७ मध्ये लॉस एंजेलिस येथे काही हौशी मंडळींनी अशा चित्रपटांसाठी पहिला मोठा संघ काढला. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत याच वृत्तीच्या लोकांनी व्हिडिओ कॅसेटवर स्वतः भाषांतर करून उपशीर्षके टाकली आणि टपालखर्चात एकमेकांना पाठवली. व्यापाऱ्याने जे कापले ते त्यांनी जपले. हे काम आदराने नोंदवले पाहिजे. आपली नियतकालिकेही याच पद्धतीने, पदरमोड करून चालली आहेत.

पण या मंडळींतूनच पुढे एक सूर निघाला, आणि तो आजही ऐकू येतो. 'आम्ही यासाठी टिंगल सोसली, आता हे नवे लोक आयते येऊन घाण करणार.' या वाक्याचा पूर्वार्ध मला कळतो. अवहेलना सोसलेल्याला आपली वस्तू जपावीशी वाटणारच. उत्तरार्ध मात्र शुद्ध सोवळेपणाचा आहे. पाणी कोणी प्यायल्याने बाटत नाही, हे १९२७ साली महाडला सांगून झाले आहे. ज्यांनी विहीर राखली त्यांचे ऋण मान्य करू. पण विहिरीवर पहारा बसवण्याचा हक्क त्या ऋणातून निर्माण होत नाही. आणि मी मुलांना दिलेले उत्तर याच पहाऱ्याला बळ देणारे होते, हे लक्षात आल्यावर मी अस्वस्थ झालो.

शिवाय 'पाश्चात्त्य प्रेक्षक' असा एकच एक प्राणी नाही. ॲनिमे हौशी संघाच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा ते कोणापर्यंत गेले? १९९७ मध्ये अमेरिकेत 'टूनामी' हा केबलवरील कार्यक्रम सुरू झाला आणि शाळेतून घरी आलेल्या मुलांना 'ड्रॅगन बॉल झी' रोज दिसू लागला. त्यांत कृष्णवर्णीय मुलांची एक अख्खी पिढी होती. ॲनिमेचा ठसा घेऊन ॲरन मॅक्ग्रूडर यांची 'द बूनडॉक्स' ही मालिका २००५ मध्ये आली. ताकाशि ओकाझाकि या जपानी चित्रकाराने कृष्णवर्णीय संगीताच्या प्रेमातून काढलेल्या चित्रकथेवर २००७ मध्ये 'आफ्रो सामुराई' झाली. तिला संगीत दिले वू-टँग क्लॅनच्या रिझाने. २०१६ मध्ये दोन कृष्णवर्णीय अमेरिकन भावांनी टोकियोत स्वतःचा ॲनिमे स्टुडिओ काढला. मार्च २०१८ मध्ये मेक्सिकोतील शहरांच्या चौकांत 'ड्रॅगन बॉल सुपर'चे शेवटचे भाग पाहायला हजारो लोक जमले. कॅसेटच्या संघात यांपैकी कितीजणांना बोलावणे आले असते? दुसरीकडे, १९७८ मध्ये फ्रान्सच्या मुलांनी 'गोल्डोराक' डोक्यावर घेतला तेव्हा मोठ्यांना कापरे भरले आणि १९८९ मध्ये सेगोलेन रोयाल यांच्यासारख्या राजकारणी व्यक्तीने अशा मालिकांविरुद्ध पुस्तक लिहिले. पश्चिमेचे दार अभिजनांनी उघडलेले नाही. ते मुलांनी आणि बाहेरच्यांनी उघडले. म्हणून पसरणे आणि गुळगुळीत होणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

त्या पलीकडचा एक पुरावा खुद्द 'मोनोनोके'नेच दिला. 'नाउसिका'च्या अनुभवाने पोळलेल्या स्टुडिओ गिबलीने पुढे परदेशी वितरकांना एक अट घातली: एकही चौकट कापायची नाही. 'मोनोनोके' १९९७ चा. अमेरिकेत तो १९९९ मध्ये मिरामॅक्सने आणला. तो लहान करावा असा आग्रह झाला, तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकि यांनी 'कात्री नाही' असे बजावून एक तलवारच भेट दिली, असा किस्सा प्रसिद्ध आहे. चित्रपट अखंड लागला आणि पडला. त्याचा तेथील सगळा धंदा पंचवीस लाख डॉलरही झाला नाही. शहाण्या व्यापाऱ्याने म्हटले असते, पाहा, कापला असता तर चालला असता. पण तोच अखंड चित्रपट मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत पुन्हा लावला गेला तेव्हा पहिल्या काही दिवसांतच त्याने जुन्या संपूर्ण धंद्याला मागे टाकले. मधल्या पंचवीस वर्षांत चित्रपट बदलला नाही, प्रेक्षक वाढला.

त्या न कापण्यात काय वाचले? या चित्रपटातील लोखंडाच्या वस्तीत भात्यावर पाय मारणाऱ्या बाया कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या आहेत. वस्तीच्या मागच्या अंगाला कुष्ठरोगी राहतात आणि बंदुका बनवतात. आमची सडलेली त्वचा धुणारी ही एकच बाई होती, असे त्यांच्यातला अंथरुणाला खिळलेला म्हातारा वस्तीच्या मालकिणीबद्दल सांगतो. ही बाई, एबोशी, त्यांना माणूस म्हणून वागवते आणि त्यांच्याच हातून हत्यारे घडवून घेऊन जंगल संपवते. तिला खलनायिका म्हणून मोकळे होता येत नाही आणि उद्धारकर्ती म्हणून पायाही पडता येत नाही. टाकलेल्या माणसांना काम आणि मान देणारी व्यवस्था त्यांना कशाला जुंपते, हा प्रश्न चित्रपट विचारतो आणि सोपे उत्तर नाकारतो. जपानने कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे डांबणारा कायदा १९९६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या आदल्या वर्षी रद्द केला. टोकियोजवळच्या अशा एका वसाहतीला मियाझाकी जात असत. हे प्रसंग कथेच्या वेगाला 'अनावश्यक' आहेत, असे कापणाऱ्याला सहज म्हणता आले असते. अनावश्यक माणसांचे प्रसंग नेहमीच अनावश्यक ठरतात.

तरीही एक गोष्ट या यशाने झाकू नये. कात्री ही गाळण्याची एकच रीत नाही. पुष्कळदा काही कापावेच लागत नाही. मुळात निवडच होत नाही. साम्पेइ शिरातो यांच्या 'कामुई'चे उदाहरण घ्या. शिरातो हे कामकरी वर्गाच्या चळवळीत चित्रे काढणाऱ्या चित्रकाराचे चिरंजीव. त्यांच्या 'कामुई-देन' या महाकथेसाठी १९६४ मध्ये 'गारो' हे मासिक निघाले आणि साठच्या दशकातील जपानी विद्यार्थ्यांनी ते चळवळीच्या पुस्तकासारखे वाचले. नायक कामुई जन्माने 'हिनिन' आहे. या शब्दाचा अर्थच 'माणूस नव्हे' असा होतो. जपानमध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींचा दर्जा १८७१ च्या फर्मानाने कागदावर संपला, आणि १९२२ मध्ये त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली, म्हणजे तो प्रत्यक्षात संपला नव्हता. 'कामुई-देन'मध्ये शेतकरी आणि हिनिन यांना एकमेकांविरुद्ध झुंजवून सत्ता कशी टिकते याची उकल आहे. या कामुईच्या निन्जा-कारनाम्यांची उपकथा वेगळी. तिच्यावर १९६९ मध्ये दूरचित्रवाणी मालिका झाली. १९८७ मध्ये इंग्रजीत जपानी चित्रकथा विकण्याचा प्रयोग झाला तेव्हा त्यांत कामुई होता. पण तो निन्जाच्या उपकथेचा. हिनिनांची मूळ महाकथा इंग्रजीत यायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. नायक स्वीकारला, त्याची तलवार स्वीकारली. त्याची जात उंबऱ्याबाहेर थांबली.

उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्या जवळचे आहे. तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात गौतम बुद्धाच्या जीवनावर प्रदीर्घ चित्रकथा काढली. तिच्या आरंभी सिद्धार्थ नाही. तत्ता नावाचा बहिष्कृत पोर आणि चाप्रा नावाचा गुलाम मुलगा आहे. चाप्रा एका सेनापतीचे प्राण वाचवतो, जन्म लपवून त्याचा मानलेला मुलगा होतो, आणि त्याची आई हेच त्याच्या जन्माचे उघडे गुपित ठरते. जात लपवलेल्या माणसाची धास्ती आपल्याकडे बाबुराव बागुलांनी १९६३ मध्येच कथेत मांडली होती. तेझुकांच्या इतिहासात कल्पना बेसुमार आहे आणि जात त्यांनी प्राचीन काळात ठेवून दिली आहे, हे त्यांचे उणेपण मी मानतो. तरी बुद्धाकडे जायची वाट बहिष्कृताच्या झोपडीवरून काढणे ही साधी गोष्ट नव्हे. या कथेच्या इंग्रजी आवृत्तीला अमेरिकेत २००४ आणि २००५ असा लागोपाठ आयझ्नर पुरस्कार मिळाला. म्हणजे वाचक तेथे आहे. त्याच्यापर्यंत काय न्यायचे, हे ठरवणारा मध्ये बसला आहे.

त्या मधल्या माणसाला वगळून जाता येते का? केइजि नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमात होते. वडील, बहीण आणि भाऊ त्यांनी त्या दिवशी गमावले. त्यांची 'अनवाणी गेन' ही चित्रकथा १९७३ मध्ये सुरू झाली, १९८३ मध्ये तिच्यावर चित्रपट झाला. तिचे इंग्रजी भाषांतर १९७६ पासून शांततावादी स्वयंसेवकांनी एकत्र येऊन केले, नफ्यासाठी नव्हे. नंतर २०२३ मध्ये हिरोशिमा शहरानेच आपल्या शाळांच्या शांतता-पाठांतून 'गेन' काढून टाकला. घरचा मुख्य प्रवाह त्याला बाहेर करतो तेव्हा बाहेरच्या वाचकाने त्याला सांभाळले, हे या चर्चेत मला सर्वांत मोलाचे वाटते.

आता शेवटचा आणि माझ्या मते पायाचा मुद्दा: हातांचा. 'ॲस्ट्रो बॉय' १९६३ मध्ये खर्चापेक्षा कमी किमतीला विकली गेली, आणि स्वस्तात भरपूर काढण्याची ती रीत पुढे धंद्याची चालरीत झाली. आज हा धंदा प्रचंड आहे. जपानी ॲनिमेची २०२३ सालची बाजारपेठ सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येन होती आणि तिच्यातील १ लाख ७२ हजार कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक, परदेशातून आले. २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर'च्या नव्या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ७ कोटी डॉलर मिळवले. याच धंद्यात दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे भरणारा नवशिका चित्रकार एका चित्रामागे दोनशे येनच्या आसपास कमावतो. तेथील चित्रकारांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा कामगाराचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख येन निघाले. टोकियोत त्यात भाडे भरून जेवणे कठीण. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक कार्यगटाने जपानवरील अहवालात ॲनिमे-कामगारांचे तुटपुंजे वेतन आणि अमर्याद तास यांची नोंद केली. याशिवाय कितीतरी चित्रे कोरिया, चीन, फिलिपिन्स येथे काढून घेतली जातात. श्रेयनामावलीत ती नावे क्षणभर चमकून जातात. पश्चिमेचा पैसा आला. तो भात्यावर पाय मारणाऱ्या बायांपर्यंत पोचला नाही.

शुद्धतावाद्यांना हा प्रश्न दिसत नाही, कारण त्यांचे लक्ष वस्तूवर आहे. व्यापाऱ्याला तो दिसतो आणि नको असतो. तो विचारायचा तर प्रेक्षकांची संख्याच लागेल. मूठभर हौशी माणसांच्या मागणीने कोणाचे वेतन वाढत नाही. अमेरिकेतील आणि युरोपातील लाखो प्रेक्षक जर चित्रपटाच्या शेवटी नावे वाचायला थांबले आणि ही माणसे काय कमावतात असे विचारू लागले, तर तो एक दबाव होईल. मुख्य प्रवाहाचा मला दिसणारा खरा उपयोग हा आहे.

म्हणून त्या दोन मुलांना माझे सुधारलेले उत्तर असे. होय, ॲनिमे पश्चिमेत सर्वांचे व्हावे. पण भाताला भात म्हणून, कामुईला त्याच्या जन्मासह, आणि चित्र काढणाऱ्याला त्याच्या मजुरीसह. यातले काही वगळून मिळणारी मान्यता ही मान्यता नव्हे. आणि जे याच अटींवर उभे आहेत त्यांनी 'आमचे बाटेल' म्हणून दार लावून घेऊ नये. तेथे 'गेन'चे भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांचे काम डोळ्यांपुढे ठेवावे.

सगळेच ॲनिमे यासाठी लायक आहे असे मी म्हणत नाही. शाळकरी मुलींची शरीरे विकणारे आणि युद्धाला शोभा आणणारे त्यात भरपूर आहे. त्याची समीक्षा कठोरपणे झाली पाहिजे. पण ती समीक्षा करायलाही पाहणारे अनेक आणि अनेक थरांतले हवेत.

येत्या महिन्यात वसतिगृहात 'अनवाणी गेन' दाखवायचे मुलांनी ठरवले आहे. मी जाणार आहे. या वेळी शेवटची नावे सरकून संपेपर्यंत कोणी दिवा लावायचा नाही, एवढे मी आधीच सांगून ठेवले आहे.